राज्यघटना समजून घेताना या चुका टाळा

‘राज्यघटनेची मूलभूत चौकट, म्हणजे तिचा मोडता न येणारा गाभा, नेमकी कोणत्या कलमात आहे?’ स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू केला की हा प्रश्न हमखास पडतो. शोधत बसू नका, ती कोणत्याच कलमात नाही. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने हे तत्त्व मांडले: कलम ३६८ खाली संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्या चौकटीत काय काय येते याची पक्की यादी न्यायालयाने मुद्दामच बंद केलेली नाही. त्यामुळे गाइडमधली ‘संपूर्ण यादी’ पाठ करण्यात अर्थ नाही.

यातूनच उलट टोकाची चूक होते. ‘मूलभूत हक्कांना संसद हातच लावू शकत नाही’ असे अनेकजण ठासून सांगतात. ती १९६७ च्या गोलकनाथ निकालाची भूमिका होती आणि केशवानंद निकालाने ती बाजूला सारली. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. आज तो कलम ३००-अ मध्ये आहे. याउलट, घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येऊ नये अशी ४२व्या दुरुस्तीतली तरतूद १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाली. केशवानंद आणि मिनर्व्हा मिल्स हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, बराच गोंधळ तिथेच मिटतो.

मूलभूत हक्क फक्त नागरिकांनाच असतात, हाही एक गैरसमज. कलम १९ (भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्ये) नागरिकांपुरते आहे, पण १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) ही कलमे भारतात असलेल्या परदेशी माणसालाही लागू होतात.

मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे शासनाने धोरण आखताना पाळायची घटनेतली तत्त्वे, न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत म्हणून ती शोभेची, असे समजू नका. कलम ४० मधल्या ग्रामपंचायतींना ७३व्या दुरुस्तीने घटनात्मक बळ मिळाले, आणि मुलांच्या शिक्षणाचे तत्त्व पुढे कलम २१-अ मधला हक्क झाले.

आता व्यवहारातली चूक. सोसायटीने पाणी तोडले की ‘माझ्या मूलभूत हक्काचा भंग झाला’ म्हणून लोक भांडतात. हे हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध आहेत. सोसायटीच्या वादासाठी सहकार कायदा पाहा. अस्पृश्यता आणि वेठबिगारी हे ठळक अपवाद, तिथे खासगी माणूसही सुटत नाही. आणि शासनाविरुद्ध दाद मागायची म्हणजे थेट दिल्लीच गाठायला हवी असे नाही. थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे कलम ३२ केवळ मूलभूत हक्कांसाठी आहे. कलम २२६ खाली उच्च न्यायालय इतर कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देऊ शकते, आणि मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोव्यातही आहेत.