हँडेल महोत्सवाला जाण्याची तयारी : सिडनहॅम, जून १८५९

संगीतकार हँडेल यांच्या मृत्यूला १०० वर्षे झाल्यानिमित्त लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीत भरणाऱ्या महोत्सवाला जायचे असेल, तर आधी दिवस ठरवावा. सोमवारी, २० जूनला ‘मेसाया’, बुधवारी निवडक रचना आणि शुक्रवारी ‘इस्रायल इन इजिप्त’ असा क्रम आहे. ‘मेसाया’ आणि ‘इस्रायल’ या एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी हँडेल यांनी रचलेल्या दीर्घ धार्मिक संगीतरचना (ऑरेटोरिओ) आहेत. बहुतेकांची पसंती ‘मेसाया’ला असते, पण एकच दिवस परवडत असेल, तर शुक्रवार घ्यावा. सुमारे २,७०० गायक आणि ४५० हून अधिक वादक जमवल्यावर एकल गायन ऐकण्यात फारसा अर्थ उरत नाही, आणि ‘इस्रायल’मध्ये भर आहे तो समूहगानावरच, त्यातही गायकवृंद दोन गटांत विभागून आठ स्वरपंक्तींत (एकाच वेळी आठ वेगवेगळ्या सुरावटींत) गातो, तेव्हा एवढ्या संख्येचे सार्थक होते.

जागा निवडताना रंगमंचाचा विस्तार ध्यानात घ्यावा. तो २०० फुटांहून रुंद असल्याने एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. म्हणूनच गायकांना शेजाऱ्यांच्या आवाजापेक्षा संचालक मायकेल कोस्टा यांच्या छडीवर नजर ठेवावी लागते. श्रोत्याने शक्यतो मध्यभागी, रंगमंचासमोर बसावे. कडेला बसल्यास जवळचाच गट ऐकू येतो. एकल गायिका क्लारा नोव्हेलो यांचा सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत उंच पट्टीचा) स्वर लांबवर पोहोचतो, पण इतर एकल गायकांबाबत तशी खात्री देता येत नाही.

नोव्हेलो प्रकाशनाची स्वरलिपीची स्वस्त, सुटसुटीत पुस्तिका आधीच विकत घेऊन निदान मोठी समूहगीते डोळ्यांखालून घालावीत, कारण इतक्या आवाजांत शब्द स्पष्ट कळत नाहीत. सोबत लहान दुर्बीण असावी. कपडे हलके असावेत. जूनमधील दुपार आणि डोक्यावर काच, त्यामुळे उकाडा होणारच. पोलादी कड्यांचे घेरदार झगे सध्या फॅशनमध्ये असले, तरी रांगेत बसणाऱ्या शेजाऱ्यांवर दया करून स्त्रियांनी त्यातल्या त्यात लहान घेराचा झगा निवडावा. ‘मेसाया’ला जाणाऱ्यांनी ‘हालेलुया’ हे त्यातले समूहगीत सुरू होताच उभे राहण्याची प्रथा लक्षात ठेवावी.

लंडन ब्रिजहून रेल्वेने निघावे आणि गर्दी होण्याआधीची गाडी पकडावी. स्थानकापासून इमारतीपर्यंत काचेच्या छताखालून लांब चालत जावे लागते, तेव्हा पाय दुखत असतील तर तोही वेळ हिशेबात धरावा. परतीच्या गाड्यांनाही तितकीच गर्दी असणार, म्हणून सोबतच्या मंडळींनी चुकामूक झाल्यास भेटायची जागा सकाळीच ठरवून ठेवावी.