नाशिकची पहिली नोकरी: 30,000 म्हणजे हातात किती?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत सरासरी पगार किती, असं विचारून नव्या माणसाच्या हाती काही लागत नाही. त्या सरासरीत युनियनच्या करारावर वीस वर्षं काढलेला कायम कामगार येतो आणि ठेकेदाराकडे कालच लागलेला पोरगाही. तुम्हाला हवाय एकच आकडा: दर महिन्याला खात्यात किती पडणार. ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर तो बहुतेकदा नसतो.

समजा, वर्षाला 3 लाख 60 हजार सीटीसी (कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च) आहे. म्हणजे महिना 30,000, असं धरून खोली बघायला निघालात तर फसलात. कागद घ्या, वजाबाकी करा. बेसिक (मूळ पगार) 15,000 असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,800. तो याच 30,000 मध्ये मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्के, साधारण 721; तीही यातच. ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर ठरणारा भाग) 10 टक्के लिहिलं असेल तर 3,000, आणि ते महिन्याला मिळतीलच असं नाही. उरले 24,479. हा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) गेला की खात्यात 22,479. महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यांचे हे 200 वाचतात. कॅन्टीन, बस, विम्याचा हप्ता कापत असतील तर आकडा आणखी खाली.

पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. पण त्यातून भाडं देता येत नाही, म्हणून खर्च 22,000 वरच बसवा. फोनवर ‘इन हँड किती’ विचारलंत तर गोल उत्तर मिळेल. ‘नमुना सॅलरी स्लिप मेल करा’ एवढंच म्हणा. यात उद्धटपणा काही नाही, बिनधास्त मागा.

ग्रॉस 21,000 च्या आत असेल तर 0.75 टक्के ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जाईल. त्यावर कुरकुर नको, घरच्यांच्या दवाखान्याचा तो मोठा आधार आहे. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर मात्र पीएफही नाही, ईएसआयही नाही, फक्त स्टायपेंड. हे सही करण्याआधी विचारा.

लेटरवर ‘नाशिक’ असतं आणि प्लांट निघतो सिन्नरला किंवा गोंद्याला. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर खोली घेऊन रोज जाऊन-येऊन 60 किलोमीटर पडले, तर 26 दिवसांचे 1,560 किलोमीटर. 45 च्या ॲव्हरेजने 35 लिटर पेट्रोल, लिटरला 105 धरले तर साडेतीन हजारांच्या वर. म्हणून आधी कंपनीच्या बसचा थांबा विचारा, मग खोली शोधा. दुसरी पाळी रात्री 11 ला सुटते, त्या वेळी सिटीलिंकच्या (शहर बसच्या) भरवशावर राहू नका.

पहिला पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आसपास होतो. 20 तारखेनंतर रुजू झालात तर कित्येक ठिकाणी तो त्याच्याही पुढच्या महिन्यात जातो. डिपॉझिट, भाडं, मेसचा ॲडव्हान्स धरून दोन महिन्यांचे पैसे गाठीला हवेतच. कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन) सुरुवात करा, वन बीएचके नंतर.

खोलीचं वीजबिल नीट बघा. एकाच मीटरवर चार खोल्या असल्या की 100 युनिटांची पायरी पटकन ओलांडते आणि पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. सबमीटर (खोलीचा वेगळा मीटर) असलेली खोली भाड्याने दोनशे-तीनशे जास्त असली तरी घ्या.

नोकरी लावून देतो म्हणून पहिला पगार मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका, मी या बाबतीत कुणाचंच ऐकत नाही. ओळख हवीच असेल तर त्याच प्लांटमध्ये दुसरं वर्ष चालू असलेला मुलगा गाठा. वीस वर्षं कायम असलेल्या काकांना आजच्या ठेक्याच्या अटी माहीत नसतात.

ठेकेदाराकडे असाल तर यूएएन (तुमच्या पीएफचा कायमचा नंबर) मागून घ्या आणि उमंग ॲपवर दर महिन्याला पासबुक बघा. स्लिपवर कापलेला पीएफ तिथे दोन महिने दिसला नाही, तर ठेकेदाराला लेखी विचारा आणि प्रत्येक स्लिप जपून ठेवा.