लर्निंग डिसॅबिलिटीच्या मुलांसोबत टेक्नॉलॉजी वापरताना माझं काय काय चुकलं

लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, असलेल्या मुलांना शिकवायला नव्याने आलेले लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात, कुठलं अ‍ॅप चांगलं? मी उलट विचारते, मूल अडतं कुठे? तर उत्तर येतं, डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचनातली अडचण. अहो ते तपासणीच्या रिपोर्टवरचं नाव झालं, अडतं कुठे ते सांगा. पण हसण्यात अर्थ नाही, कारण सुरुवातीला मीही हेच केलेलं.

माझ्या पहिल्याच वर्षी सातवीतला एक मुलगा आला. रिपोर्ट हातात पडला आणि त्या रात्री बसून मी त्याच्या टॅबलेटवर चौदा अ‍ॅप टाकली, वाचून दाखवणारी, स्पेलिंगची, माइंड मॅपची, रंगीत स्क्रीनची, जे जे सापडलं ते सगळं. तीन आठवड्यांनी टॅबलेट उघडून बघितला तर त्याने दोनच गोष्टी वापरलेल्या, कॅमेरा आणि गेम. मी वैतागले, त्याच्यावरच. तेव्हा आमच्या रिसोर्स रूमच्या, म्हणजे अशा मुलांना वेगळी मदत मिळते त्या वर्गाच्या, सीनियर मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, त्याला एकदा शेजारी बसवून वाचायला तरी लावलंस का?"

नव्हतं लावलं.

मग लावलं. सारख्याच अवघड वाटणारे विज्ञानाचे दोन उतारे घेतले, एक त्याने मोठ्याने वाचायचा, दुसरा मी वाचून दाखवायचा, दोन्हींवर पाच-पाच प्रश्न. त्याने वाचताना बोट अक्षराखाली ठेवलं, "पर्यावरण" आलं की "पर्या... पर्याय" म्हणून पुढे गेला, वेलांट्या सोडल्या, जोडाक्षर दिसलं की पहिल्या अक्षरावरून अंदाजे शब्द ठोकून द्यायचा. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली. पाचातलं एक उत्तर बरोबर आलं. मी वाचलेल्या उताऱ्यावरची पाचही बरोबर, वर मलाच प्रश्न, टीचर मग वाळवंटातल्या झाडांना पानं का असतात?

हे करायला मला पाऊण तास लागला आणि चौदा अ‍ॅपपेक्षा जास्त कळलं. यामागे एक जुनं साधं मॉडेल आहे, १९८६ मध्ये गफ आणि टनमर यांनी मांडलेलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, त्यामुळे एक बाजू शून्याकडे गेली की दुसरी कितीही चांगली असू दे, हातात काहीच येत नाही. या मुलाची दुसरी बाजू मस्त होती, म्हणून त्याला टेक्स्ट टू स्पीच, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, उपयोगी पडणार होतं. पण ऐकूनही ज्याला उतारा कळत नाही त्याला ते लावून दिलंत तर तो न कळणारा मजकूर फक्त कानाने ऐकेल. तिथे शब्दसंग्रह, चित्रं, लहान तुकडे, गप्पा यांवर काम करावं लागतं. त्यामुळे कुणी काहीही सांगो, आधी ही दोन उताऱ्यांची टेस्ट करा.

आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा. वाचनात अडचण असलेल्या मुलांवर टेक्स्ट टू स्पीचचा किती परिणाम होतो याचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये मेटा अ‍ॅनालिसिस झालं, त्यात समजण्यावरचा परिणाम ०.३५ आला, म्हणजे लहान आणि मध्यमच्या मधला. खरा आहे पण चमत्कार नाही.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल, कारण गाडी इथेच अडते. सगळ्यात पहिला दगा देते ती स्कॅन केलेली पीडीएफ. धडा स्क्रीनवर व्यवस्थित दिसतो, प्ले दाबलं की सन्नाटा. बोट ठेवून एखादा शब्द सिलेक्ट होतो का बघा, होत नसेल तर तो मजकूर नाही, फोटो आहे, त्यावर आधी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, करावं लागणार. देवनागरीत ओसीआर रफार आणि जोडाक्षरं अधूनमधून खातं, त्यामुळे मुलाला द्यायच्या आधी कुणीतरी डोळ्यांखालून घालायलाच हवं, नाहीतर आधीच गोंधळलेल्या मुलाला आपण चुकीचे शब्द ऐकवतो. आणखी एक, सुलभ स्वरूपातली, म्हणजे ऐकता येणारी किंवा मोठ्या अक्षरांची, पुस्तकं फक्त अंधांसाठीच असतात असं खूप जणांना वाटतं. अशा पुस्तकांसाठीच्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात छापील मजकूर वाचायला अडथळा आणणारी वाचन-अक्षमताही धरलेली आहे, २००२ पासून चालणारी बुकशेअर ही ऑनलाइन लायब्ररीसुद्धा डिस्लेक्सियाच्या मुलांना घेते, तर विचारायला लाजू नका.

वाचणारा आवाज चालू असताना तो तो शब्द स्क्रीनवर हायलाइट होईल असं सेटिंग ठेवा, नाहीतर मूल खिडकीबाहेर बघत ऐकतं. मायक्रोसॉफ्टच्या इमर्सिव्ह रीडरमध्ये हे आहे, शिवाय एकावेळी एक-तीन-पाच ओळीच दिसतील असंही करता येतं, हे फीचर मला आवाजाइतकंच आवडतं. स्पीड मुलालाच ठरवू द्या. मी कळवळ्याने एकदम हळू ठेवायचे आणि त्या संथ आवाजाला मुलं जाम कंटाळायची, वाक्याचा सूरच तुटायचा.

फॉन्टचं भूत मात्र डोक्यातून काढा. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास बनवलेले फॉन्ट आहेत, ओपनडिस्लेक्सिक २०११ पासून आहे, पण तपासणीत ते साध्या फॉन्टपेक्षा सरस ठरलेले नाहीत. रंगीत काचा आणि फिल्टरबद्दलही तेच, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच पुरावा नाही म्हणून सांगितलंय. अंतराचं प्रकरण वेगळं आहे. इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या २०१२ च्या अभ्यासात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सियाची मुलं बरी वाचायला लागली. आपल्याकडे अक्षरं लांब केली की शिरोरेषाच तुटते, म्हणून मी शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवते. पण एखाद्या मुलाला पिवळी स्क्रीनच आवडत असेल तर राहू दे की पिवळी, फक्त त्याला उपचार म्हणू नका.

लिहिण्याचं वेगळं सांगते, कारण तिथे मी दुसऱ्यांदा आपटले. नववीतली मुलगी, गोष्ट सांगायला लागली की वर्ग गप्प बसायचा, वहीत मात्र चार ओळी. मी म्हटलं सोपं आहे, व्हॉइस टायपिंग, बोललेलं आपोआप टाइप होतं. पहिल्या दिवशी स्क्रीनवर उमटलं, "मग तो म्हातारा थांबा टीचर काय म्हणू मी नाही हे नको पुसा ना". ती स्वतःच खोखो हसली म्हणून निभावलं. बोलून लिहिणं हे आपोआप येत नाही हो. वाक्य मनात जुळवायचं, मग बोलायचं, थांबायचं, विरामचिन्ह घालायचं, शेवटी टेक्स्ट टू स्पीचने स्वतःचंच परत ऐकून चुका पकडायच्या, आणि हे सगळं जमायला तिला दोन महिने लागले. गजबजलेल्या वर्गात ते जमतच नाही, माइक शेजारच्याचंही टाइप करतो. अडचण फक्त अक्षराची आणि हात दुखण्याची असेल तर कीबोर्डच बरा, शुद्धलेखनाची असेल तर शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर, आणि काय लिहायचं तेच जुळत नसेल तर आधी माइंड मॅप. या तीन वेगळ्या अडचणी आहेत, रिपोर्टमध्ये तिन्हींना डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अडचण, असंच म्हटलेलं असू शकतं. मुलाचा आवाज बऱ्याचदा बाहेरच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे पालकांना आधी सांगा.

गणिताचं थोडक्यात. आकडेमोडच तपासायची नसेल तेव्हा कॅल्क्युलेटर द्या, बाकी चौकोनी वही, पाढ्यांचा तक्ता आणि पुठ्ठ्यात खिडकी कापून केलेली ओळपट्टी हीसुद्धा असिस्टिव्ह टेक्नॉलॉजीच, म्हणजे अडचणीत मदत करणारं साधनच, आहे आणि तिची बॅटरी संपत नाही.

पालक विचारतात, मशीनच वाचणार तर हा वाचायला शिकणार कधी? प्रश्न रास्त आहे. मी दोन वेळा वेगळ्या ठेवते. रेमेडियलच्या, म्हणजे वाचन सुधारण्याच्या खास, तासाला आवाज बंद, तिथे अक्षरं-ध्वनी यांचंच काम. इतिहास-विज्ञानाच्या तासाला आवाज चालू, कारण तिथे त्याला इतिहास शिकायचाय, वाचन सुधारेपर्यंत विषय मागे का पडू द्यायचा.

आता त्या पहिल्या मुलाकडे परत. योग्य साधन सापडलं तरी दोन आठवड्यांत त्याने हेडफोन दप्तराच्या तळाशी टाकले. मोठे काळे हेडफोन, वर्गात तो एकटाच, पोरं त्याला डीजे म्हणायला लागलेली. मला कुणीच सांगितलं नाही, तोही बोलला नाही. १९९३ चा फिलिप्स आणि झाओ यांचा अपंग प्रौढांवरचा सर्व्हे मी नंतर वाचला, साधनांपैकी २९.३ टक्के वापरणाऱ्यांनी सोडूनच दिलेली, आणि कारणांत एक होतं की निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारात घेतलं नव्हतं. साधन कसं निवडायचं यासाठीच्या जॉय झबाला यांच्या सेट चौकटीत आधी विद्यार्थी, मग परिसर, मग कामं आणि साधनं एकदम शेवटी, हा क्रम मी कोर्समध्ये पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. त्याला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मग विचारलं. त्याला लहान इअरफोन हवा होता, एकाच कानात, आणि वर्गातल्या कुणालाही धडा ऐकायचा असेल तर ऐकता यावा असं हवं होतं. वर्गशिक्षक तयार झाले, सहा-सात मुलं ऐकायला लागली, त्यातल्या एकालाही कसला रिपोर्ट नव्हता. डीजे संपला. परीक्षेत साधन वापरायची लेखी परवानगी आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच मागितली आणि चाचण्यांत सराव करून घेतला, कारण परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा बटणं शोधणारं मूल मी बघितलंय आणि ते परत बघायचं नाहीये.

वार्षिक परीक्षेच्या थोडं आधी तो भूगोलाचा धडा ऐकत बसला होता. मध्येच थांबला, मागे गेला, परत ऐकलं आणि हसायलाच लागला. "टीचर, ही बाई 'पाच की मी' म्हणतेय! ते कि.मी. आहे, किलोमीटर!" आणि बोट बरोबर त्या शब्दाखाली.