रेल्समध्ये लॉगिनची तपासणी विसरू नये म्हणून

रेल्स या वेब-फ्रेमवर्कमध्ये नवा कंट्रोलर (पानांच्या विनंत्या हाताळणारा क्लास) लिहिताना त्यात लॉगिन तपासणारा बिफोर-ॲक्शन (ॲक्शनच्या, म्हणजे पान देणाऱ्या मेथडच्या, आधी चालणारा कोड) टाकायचा राहून जातो आणि ते पान सगळ्या जगाला उघडं राहतं. चाचणी करताना आपण लॉगिन केलेलेच असतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: आधी सगळं बंद, मग लागेल तेवढंच उघडं.

१. तपासणीचा बिफोर-ॲक्शन प्रत्येक कंट्रोलरमधून काढा आणि एकदाच ॲप्लिकेशन-कंट्रोलरमध्ये लिहा. बाकीचे कंट्रोलर त्याच्यापासूनच बनलेले असतात, त्यांना तो आपोआप लागतो.

२. लॉगिनचं पान, मुखपृष्ठ अशा मोकळ्या ठिकाणी स्किप-बिफोर-ॲक्शन (ती तपासणी वगळायची सूचना) द्या. सोबत 'ओन्ली' (फक्त एवढ्याच) लावून ॲक्शनची नावं लिहा. इथे 'एक्सेप्ट' (एवढ्या सोडून बाकी सगळ्या) टाळाच. उद्या त्याच कंट्रोलरमध्ये कुणी नवी ॲक्शन घातली, की तीही मुकाट्याने उघडी पडते.

३. प्रोजेक्टभर स्किप-बिफोर-ॲक्शन शोधा. उघड्या पानांची यादी समोर येते. कोड तपासताना मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

'ओन्ली'मध्ये नाव चुकलं तर? रेल्स ७.१ पासून त्यासाठी सेटिंग आहे. नव्या ॲपमध्ये डेव्हलपमेंट आणि टेस्टला ते चालूच असतं आणि अस्तित्वात नसलेल्या ॲक्शनचं नाव दिसलं की एरर येते. जुन्या ॲपमध्ये स्वतः चालू करा.

एक सांभाळा: तपासणीच्या मेथडने नुसतं फॉल्स परत केलं तर ॲक्शन थांबत नाही. तिथे रीडायरेक्ट किंवा रेंडर करावंच लागतं.