उघडिपीच्या दिवसांत शैवालाचा अंदाज: नकाशा बघा, पण पहाटे तळ्यावर जा

मोठा पाऊस होऊन गेला, रानातली माती आणि खत वाहून पाण्यात उतरलं, आणि मग चार-सहा दिवस कडक ऊन, वारा पडलेला. शैवालाला याहून जास्त काही लागत नाही. पावसाने उघडीप दिली की मत्स्यपालकांनी सावध राहायचं ते यासाठी.

पाणी हिरवं दिसलं म्हणजे वाईटच, असं नाही. हलका हिरवा रंग तळ्याला हवाच. घातक फुलोरा, म्हणजे शैवालाची एकाएकी झालेली दाट वाढ, वेगळा. कॅरेनिया, हेटेरोसिग्मा अशा जाती मासे मारतात, किटोसेरॉसच्या काही जातींचे काटे कल्ल्यांत रुततात, निळ्या-हिरव्या शैवालांतली काही विष सोडतात. उत्तर नॉर्वेत २०१९ च्या मे-जूनमध्ये अशाच एका फुलोऱ्यात पिंजऱ्यांतले सुमारे ८० लाख सॅल्मन मासे मेले.

उपग्रहांचे नकाशे आता फुकट बघायला मिळतात. पाण्यातल्या हरितद्रव्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, त्यावरून ते काढतात. सेंटिनेल-३ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३०० मीटर लांब-रुंद, म्हणजे ९ हेक्टरचा. तुमचं तळं एकरभराचं असेल तर त्या ठिपक्यात बांध, झाडं, शेजारचं रान सगळंच कालवलेलं. मोठा जलाशय किंवा खुल्या समुद्रातले पिंजरे असतील तरच तो कामाचा. सेंटिनेल-२ चा ठिपका १० ते २० मीटरचा, पण त्याची फेरी साधारण पाच दिवसांनी, आणि नेमके त्या दिवशी ढग आले तर थांबा पुढच्या फेरीपर्यंत. किनाऱ्याजवळ गढूळ पाण्यालाही हे नकाशे हरितद्रव्य समजून बसतात. म्हणून एका दिवसाचा लाल, म्हणजे जास्त हरितद्रव्य दाखवणारा, डाग बघून घाबरू नका. लागोपाठच्या दोन-तीन चित्रांत तो वाढतोय का, सरकतोय का, ते बघा. समुद्रात या डागाला प्रवाहाचं आणि वाऱ्याचं मॉडेल जोडलं की तो आपल्या पिंजऱ्यांपर्यंत कधी पोचेल, याचा अंदाज निघतो. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतून आपल्या पदरात खरं काय पडतं, तर हे हाती आलेले दोन-चार दिवस.

तळ्यासाठी मात्र पाण्यात सोडलेला सेन्सरच हवा. विरघळलेला ऑक्सिजन दिवसा चढतो, रात्री उतरतो. दुपारी १४ आणि पहाटे ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे आकडे येत असतील आणि दोन्हींतलं अंतर रोज वाढत असेल, तर फुलोरा दाटतोय. दुपारच्या आकड्यावर विसंबू नका. मासे मरतात ते पहाटे. सामूही (pH) लिहून ठेवा. पाणी २५ अंशांवर आणि सामू ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. हरितद्रव्याचा सेन्सर असेल तर त्याचा आकडा रात्रीचा घ्या, कारण तो शैवालाची चमक मोजतो, आणि भर उन्हात ती मंदावते, मग सेन्सर कमी दाखवतो.

आता एक काम हाताने करायचं. ऑक्सिजन सेन्सरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडणारा भाग, बाहेर काढा आणि टोकावर हलकेच बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर त्यावर साय धरली आहे. मासे मजेत खातायत आणि ऑक्सिजन मात्र रोज थोडा थोडा घसरलेला दिसतो, तेव्हा बहुतेक दोष याच सायीचा असतो. मऊ कापडाने पुसा, ओल्या कापडात सैलसर गुंडाळून थोडा वेळ ठेवा. ऑक्सिजनची संपृक्तता १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवी. फुलोऱ्याचा अंदाज देणारं महागडं मॉडेल अशा मळक्या आकड्यांवर चालवलं तर ते चुकीचाच अंदाज बांधणार. मॉडेल तुमच्यासारख्या पाण्यावर तयार झालंय का, हेही विकणाऱ्याला विचारा.

इशारा आला की आधी खाद्य थांबवा. उपाशी माशाला ऑक्सिजन कमी लागतो, आणि पिंजऱ्यातला मासा खाद्यासाठी शैवालाच्या वरच्या थरात येत नाही. जाळी साफ करा, खोली असेल तर पिंजरा खाली उतरवा. तळ्यावर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मासे तोंड वर काढायला लागल्यावर नव्हे, सूर्य मावळतानाच सुरू करा. विक्रीच्या वजनाचे मासे असतील तर काढणी आधी उरका. दाट फुलोऱ्यावर मोरचूद टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळाच. शैवाल एकदम मेलं की कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं, आणि विषारी जात असेल तर पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. आभाळ भरून आलं की फुलोरा आपोआपही असाच कोसळतो, तेव्हा ढगाळ दिवसानंतरची रात्र जागून काढायची तयारी ठेवा.

हरितद्रव्याचा आकडा शैवाल किती ते सांगतो, कोणतं ते नाही. त्यासाठी साधा सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या भिंगाला लावलेला मोबाईलचा कॅमेरा बराच उपयोगी पडतो. एक नमुना लुगॉल आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) घालून गडद बाटलीत ठेवा, दुसरा जिवंतच बघा, कारण हेटेरोसिग्मासारख्या नाजूक पेशी आयोडीनमध्ये ओळखू येत नाहीत. शेजारी शिंपले किंवा कालवं वाढवत असाल तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्यांची काढणी बंद ठेवा. त्यांच्यात साठणारी काही विषं शिजवूनही जात नाहीत.