जुन्या बुचांची चकती, गोंदाशिवाय

कॉर्क ही एका जातीच्या ओकची साल. झाड साधारण पंचविशीत आलं की पहिली साल काढतात, पुढची निदान 9 वर्षांनी, आणि बाटलीच्या बुचाजोगी साल हाती येते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे आपण केरात टाकतो ते बूच चाळिशी ओलांडलेल्या झाडाचं असतं. हा हिशेब कळल्यापासून माझ्याच्याने बूच टाकवत नाही. 10 साठली की गरम भांड्याखाली ठेवायची चकती करतो.

आधी प्लॅस्टिकची बुचं बाजूला काढा. ती सगळीकडून एकसारखी दिसतात. खऱ्या बुचावर तपकिरी छिद्रं आणि रेघा असतात.

कोरडं बूच कापलं की भुगा पडतो. म्हणून 10 मिनिटं वाफवून घ्या. मग दातेरी सुरीने दोन्ही टोकांकडून 2-2 सेंटिमीटरचे तुकडे कापा. बुचं लहानमोठी असतात, तेव्हा मधोमध कापू नका. मधला भाग उरला तर उरू द्या. तुकडे दोन दिवस वाळू द्या. इथे घाई नको: ओलं बूच फुगलेलं असतं, वाळल्यावर चकती सैल पडते.

आता पाइपावर आवळतात तसली, स्क्रूची स्टीलची क्लिप घ्या, 10 ते 13 सेंटिमीटर व्यासाला बसणारी. तिच्यात मधे 1, भोवती 6, त्याबाहेर 12 तुकडे उभे मांडा. बुचाची मूळची सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे सगळे एका पातळीत बसतात. स्क्रू हळूहळू आवळा. विसावा तुकडा जास्तीचा. कापताना एखादा बिघडतोच. वरची बाजू पॉलिश पेपरने घासून सारखी करा.

गोंद लागत नाही, कारण कॉर्कच्या पेशी म्हणजे हवेने भरलेले बंद कप्पे. दाबले की आक्रसतात आणि उलट रेटतात, त्यामुळे तुकडे एकमेकांना धरून राहतात. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकातून हेच कप्पे पाहून त्यांना ‘सेल’ म्हटलं होतं. त्याच हवेमुळे भांड्याची आच खाली टेबलापर्यंत सहसा पोचत नाही. (ग्लू गनने चिकटवायचा मोह टाळा, गरम भांड्याखाली तो गोंद वितळतो.)

लालबुंद तापलेलं भांडं मात्र थेट ठेवू नका, कॉर्क करपतो. चकती पाण्यात भिजत न ठेवता ओल्या फडक्याने पुसा, आणि काही दिवसांनी ढिली वाटली तर स्क्रूला अर्धा फेरा द्या.