आधारगट शोधताय? आधी ओपीडीत विचारा

घरात कुणाला कॅन्सर, पार्किन्सन किंवा दारूचं व्यसन असेल, तर त्यातून गेलेली माणसं भेटणं फार मोलाचं असतं. इंदूरसारख्या शहरात ती शोधायची तर मोबाइलआधी ओपीडी गाठा. डॉक्टरांना घाई असते, सिस्टरना, फिजिओथेरपिस्टना किंवा समुपदेशकांना विचारा, "ताई, अशा पेशंटचे घरचे लोक कुठे एकत्र भेटतात का?" केमोच्या वॉर्डाबाहेर डबा घेऊन बसलेल्या बाईंकडूनही पत्ता मिळतो.

दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही १९३५ पासूनची चळवळ आहे. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. खुल्या सभेला घरचेही बसू शकतात. बायको, आई, मुलं यांच्यासाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. पिणारा माणूस यायला तयार नसला, तरी वहिनी, तुम्ही एकट्या जा. हे मी कळकळीने सांगतेय, कारण घरच्यांची झीज कुणी मोजतच नाही.

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात ओळखीचं कुणी दिसेल अशी धास्ती वाटत असेल, तर दुसऱ्या भागातली सभा निवडा. मन हिंदीत मोकळं होत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा: मोफत, चोवीस तास, आणि मराठी निवडता येते.

गटात कुणी डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगितली किंवा स्वतःच्याच औषधाची बाटली विकायला काढली, तर तिथून सरळ उठा.